डाग उशिरा येतो

मातालोआ बेट, टोंगा
९ मे १९८३

चि. लोपेतीस,

आत्याचे आशीर्वाद. तू आता डॉक्टर झालास, तेव्हा 'डॉक्टरसाहेब' लिहावं की काय असं क्षणभर वाटलं. पण तुझं शेंबडं नाक मीच पुसलंय, तेव्हा राहू दे.

हे पत्र मासेवाल्यांच्या होडीतून पाठवतेय. रेडिओवर बोलता आलं असतं, पण आपल्या रेडिओवर एक जण बोलतो आणि सगळी बेटं कान लावून बसतात. हे चारचौघांत बोलायचं नाही. लोसाबद्दल आहे. थांब, पत्र खाली ठेवू नकोस. भावाला बहिणीबद्दल जेवढं सांगता येतं तेवढंच सांगणार आहे.

काल चर्चमध्ये लोसा गाता गाता मधेच थांबली. तुला ती शेवटची लांब ओळ आठवते ना? लोसा ती एका दमात ओढते आणि आम्ही बाकीच्या बायका तिच्या आधाराने कशाबशा टोकाला पोचतो. काल ती अर्ध्यातच खाली बसली. आम्ही सगळ्या भरकटलो, पाद्रीबाबा पुस्तकातून मान वर करून बघायला लागले. ताप आहे, खोकला आहे. बाळ अंगावर पितंय. तिचा नवरा सामीऊ तिकडे न्यूझीलंडमध्ये लोकांची सफरचंदं तोडतोय, त्याला कळवून उपयोग नाही.

तुझी सरकारी लाँच पाठव आणि तिला तिकडे इस्पितळात ने. बाकी मला काही नको.

तुझी आत्या,
तालाहिवा


बंदरगाव
११ मे १९८३

आदरणीय आत्या,

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. ताईंबद्दल वाचून काळजी वाटली. पण तुम्ही लिहिलंत तेवढं पुरे, याहून जास्त कृपा करून लिहू नका. मिसरूड फुटायच्या आधीपासून मी ताईंबरोबर एका छपराखाली झोपलेलो नाही, त्यांच्या ताटातलं खाल्लेलं नाही, त्यांच्यासमोर मोठ्याने हसलेलोसुद्धा नाही. हे सगळं तुम्हीच शिकवलंत. आता त्यांची छाती मी कशी तपासू? आणि इथे मी सोडून दुसरा डॉक्टर नाही.

राहिली लाँच. गेल्या वर्षी म्हातारा पाउला छाती धरून कण्हत लाँचमध्ये बसला, आणि उतरला तेव्हा बरोबर तीन डुकरं. इथे पुतणीचं लग्न होतं! धक्क्याला पाय लागताच त्याची छाती बरी झाली. अशी सोंगं वाढली म्हणून मीच नियम केला: छातीच्या फोटोत डाग दिसला तरच लाँच, आणि पेनिसिलिनही त्यालाच, कारण पुढचा साठा कधी येईल याचा भरवसा नाही. या नियमावर मी कितीतरी लोकांना नाही म्हटलंय, त्यांतले काही आपल्याच गावचे. आज डॉक्टरची बहीण म्हणून लाँच सुटली, तर मला गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

तुमच्या बेटावर आता फोटोचं यंत्र आहे, ते तुम्हीच खटपट करून आणलंत. तोआकासे नर्सला फोटो काढायला सांगा आणि पाठवून द्या. फोटो मी बघू शकतो. फोटोत हाडं असतात आणि हवा असते, त्याने कुणाची मर्यादा मोडत नाही.

तुमचा,
लोपेती


मातालोआ
१३ मे १९८३

चि. लोपेतीस,

आशीर्वाद. घे तुझा फोटो. दोन फळ्यांच्या मधे घालून, वर केवड्याच्या चटईचा तुकडा गुंडाळून पाठवलाय. वर लोसाचं नाव तोआकासेच्या हातचं आहे.

यंत्र मी खटपट करून आणलं म्हणतोस. खटपट कसली रे? या वयात अंगाला तेल चोपडून भर मैदानात नाचले मी, आणि लोकांनी पाठीवर, दंडावर नोटा चिकटवल्या, तेव्हा आलं ते यंत्र! गावाला त्याचं इतकं वेड लागलंय की पाउलाने आपल्या कमरेचा फोटो काढून घेऊन खिडकीत टांगलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवतो.

फोटोवरून लोसा रडली. का रडली ते तुला लिहिता येत नाही, तूच बंदी घातली आहेस. विहिरीवरून येताना ती वाटेत बसते, एवढं तरी लिहू ना? की विहीरही बहिणीच्या अंगात मोजायची?

लाँचची वाट बघते. बाळाचे कपडे बांधून ठेवलेत.

आत्या


बंदरगाव
१५ मे १९८३

आदरणीय आत्या,

नमस्कार. देवाची कृपा! फोटो अगदी स्वच्छ आहे. दोन्ही फुप्फुसं काळीभोर, म्हणजे हवेने भरलेली. कुठे एक ठिपका नाही. इतकी चांगली छाती मी या वर्षात बघितलेली नाही. न्यूमोनिया नाही. साधा फ्लू आहे, सध्या सगळ्याच बेटांवर पसरलाय. ताईंना पडून राहू दे, भरपूर शहाळी द्या, तापाच्या गोळ्या बरोबर पाठवल्या आहेत.

गळ्याखालचं उजवं हाड जुनं मोडून सांधलेलं दिसतं. ताईंचं हाड कधी मोडलं होतं? मला कुणी बोललं नव्हतं. अर्थात, मला कोण कशाला सांगेल म्हणा!

लाँच पाठवता येत नाही याबद्दल रागावू नका. फोटो बघून मला किती हायसं वाटलं ते कसं सांगू? तुमचं पहिलं पत्र आल्यापासून घास घशाखाली उतरत नव्हता. आता बाळाच्या कपड्यांचं गाठोडं सोडा आणि निर्धास्त राहा.

तुमचा,
लोपेती


मातालोआ
१८ मे १९८३

लोपेती,

आशीर्वाद नंतर. आधी नीट बसून वाच, आणि बंदी घातलेलंही सगळं वाच. मी तुझ्या बापाची बहीण आहे, माझ्यावर कुणाची बंदी चालत नाही.

लोसाचं एक वाक्य पुरं होत नाही. 'आत्या' म्हणते आणि श्वास घेते, 'पाणी' म्हणते आणि श्वास घेते. नाकपुड्या फुलतात. श्वास आत ओढताना बरगड्यांमधली कातडी खोल जाते. उजव्या कुशीत कळ येते म्हणून खोकला दाबून धरते, आणि खोकलीच तर गंजाच्या रंगाचं पडतं. ओठांचा रंग मला आवडत नाही. काल रात्री माझ्याकडे बघून मला तिच्या आईच्या नावाने हाक मारली. बाळाला तिच्यापासून वेगळं ठेवलंय, ते रडून रडून दमतं आणि ही नुसती दाराकडे बघत राहते.

समुद्र वर आलाय. होडीतून तिला न्यायची म्हणजे वाटेतच मारायची. डोळ्यांपुढे चाललंय आणि मी हातावर हात ठेवून बसलेय. मला घरात कोंडून बाहेरून कडी घातल्यासारखं झालंय, लोपेती.

आता फोटोचं. तो फोटो माझा आहे.

लोसाचाही काढला होता. तोआकासेने तो धुतला, वाळवला, आणि पाकिटात घालायला गेली तर लोसा हमसून हमसून रडायला लागली. 'माझा भाऊ माझ्या छातीच्या आत बघणार. उद्या मी त्याच्यासमोर कशी उभी राहू?' म्हणाली. ताप अंगात, थरथरतेय, आणि काळजी कसली तर ही! मला भरून आलं. मी म्हटलं, उगी, मी उभी राहते. मला वाटलं, फोटो म्हणजे तुझ्या लाँचचं तिकीट. माझ्या छातीत जन्मभराचा चुलीचा धूर भरलाय, डाग निघाल्याशिवाय राहील का? आणि तू म्हणालास, इतकी चांगली छाती बघितलीच नाही! ते हाड माझं, तरुणपणी घोड्यावरून पडले होते तेव्हाचं.

माझ्यामुळे पोर गेली तर मी काय करू? मी तिला वाचवायला गेले आणि तिचा गळा मीच दाबला. लोसाचा खरा फोटो माझ्या चटईखाली होता, तो सोबत पाठवतेय. बघ. आता तरी बघ. तोआकासेकडून औषधांच्या कपाटाची किल्ली मी हिसकावून घेतली आणि पेनिसिलिनची पहिली सुई आज सकाळी द्यायला लावली. तुझ्या नियमाला माझं नाव सांग.

लाँच पाठव.

तालाहिवा


बंदरगाव
२३ मे १९८३

आदरणीय आत्या,

नमस्कार. ताई शुद्धीवर आहेत. ताप उतरतोय. काल त्यांनी थोडी पेज घेतली आणि वॉर्डातल्या नर्सकडे बाळाची चौकशी केली. हे आधी लिहितो म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल.

तुम्ही आमच्याबरोबर लाँचवर चढला नाहीत, बाळाला घेऊन किनाऱ्यावर उभ्या राहिलात, आणि 'मी मारलं असतं पोरीला' म्हणत राहिलात. इंजिनाच्या आवाजात मला उत्तर देता आलं नाही. ते आता देतो.

तुमचं पाकीट हातात पडलं तेव्हा मी काय केलं माहीत आहे? पत्राचं पहिलं पान वाचलं, आणि पुढचं वाचायच्या आधी फोटो दिव्यासमोर धरला. सवय! ताईंचा खरा फोटो, आत्या, तुमच्या फोटोइतकाच स्वच्छ होता. मी तो उलटासुलटा करून बघितला. काहीसुद्धा नव्हतं.

तेव्हा तुम्ही फोटो बदलला नसता, तरी मी तेच उत्तर लिहिलं असतं. तसंच 'देवाची कृपा' लिहिलं असतं. दुखणं सुरू झालं की फोटोत लगेच उमटत नाही, छातीत आधी पेटतं आणि फोटोत मागाहून दिसतं. त्यात रोग्याच्या अंगातलं पाणी आटलेलं असलं, यंत्र लहान असलं, की आणखी फसगत. हे मला कॉलेजात शिकवलं होतं. मी परीक्षेत लिहिलंही होतं. पण ताईंना काय होतंय हे मला विचारायचं नव्हतं, ऐकायचं नव्हतं, आणि फोटो हातात धरला की विचारावं लागत नव्हतं. तुमचा फोटोसुद्धा मी धड बघितला नाही. समोर बहीण उभी आहे असं समजून अर्धी नजर चोरूनच बघितला. नाहीतर त्या वयाची हाडं ताईंची नाहीत हे कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या पोरानेही ओळखलं असतं. तेव्हा रडणं आता बंद करा. तुमचा यात काही दोष नाही.

धक्क्यावर कप्तान हेनेलीने हात पुढे केला. 'फोटो दाखवा, डॉक्टर. डाग कुठाय?' मी म्हटलं, डाग नाही. 'मग नियम?' म्हणाला. तसा तो वाईट माणूस नाही. त्याच्या सासऱ्याला मी याच नियमावर परत पाठवलं होतं, ते तो विसरला नव्हता, इतकंच. भोवती माणसं जमली होती. मी तुमचं पत्र काढलं आणि मोठ्याने वाचलं. नाकपुड्या, बरगड्या, गंजाचा रंग, सगळं. माझ्या बहिणीच्या अंगाबद्दल भर धक्क्यावर मी वाचत होतो, आत्या. माझे कान पेटले होते. बायकांनी माना खाली घातल्या. हेनेलीने टोपी काढली आणि तो इंजिनाकडे गेला.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. तुमच्या झोपडीशी येऊन मी पुन्हा भिंतीला पाठ लावून बाहेरच बसलो आणि आतून तुम्ही सांगत राहिलात. मग तुम्ही बाहेर आलात आणि म्हणालात, 'मी हुकूम करतेय. आत ये आणि कान लाव.' तुम्ही म्हणाला नसतात तर मी आजही तिथेच बसलेलो असतो. ताईंच्या पाठीला मी कान लावला तेव्हा उजव्या बाजूला खाली हवा जातच नव्हती. त्यांनी चेहरा चटईत लपवला होता. मीही डोळे मिटले होते. कळायला एवढंच लागलं.

इथे आल्यावर पुन्हा फोटो काढला. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढराफटक आहे. आता दिसतोय डाग, उपचार सुरू होऊन ताई सुधारायला लागल्यावर.

तुमचा,
लोपेती


मातालोआ
१४ जून १९८३

चि. लोपेतीस,

आशीर्वाद. तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि खरोखरच रडणं थांबवलं. आता भांडायला मोकळी झाले.

लोसा कधी येणार? तिकडून आलेला माणूस सांगतो, ती इस्पितळाच्या अंगणात फिरते. दुसरा सांगतो, स्वयंपाकघरात बसून नीरफणस सोलते आणि आचाऱ्याला शिकवते. मग तिला धरून का ठेवलंयस? बाळ शेजारच्या सेलाच्या अंगावर पितं, पण जीव लावत नाही. आधी रडायचं ते बरं होतं. आता गप्प असतं. कुणीही उचललं तर जातं. मला ते बघवत नाही.

आत्या


बंदरगाव
१७ जून १९८३

आदरणीय आत्या,

नमस्कार. ताईंना ताप नाही, खोकला जवळजवळ नाही, वजन भरतंय. पण काल पुन्हा फोटो काढला आणि डाग अजून आहे. थोडा विरळ झालाय, पण आहे. असाच डाग क्षयाचाही असू शकतो. फोटो ते वेगळं करून सांगत नाही, त्याला सगळं पांढरं सारखंच. थुंकी तपासली, काही सापडलं नाही. तरीही घरात तान्हं मूल आहे, माझ्याकडून पुन्हा चूक व्हायला नको. फोटो स्वच्छ झाला की पहिल्या बोटीने पाठवतो. ताई समजूतदार आहेत, त्यांची काही तक्रार नाही. नर्सला मी रोज विचारतो.

एकदा हात पोळला आहे, आत्या. समजून घ्या.

तुमचा,
लोपेती


बायकांचा वॉर्ड, बंदरगाव
२५ जून १९८३

लोपेती,

हे पत्र नर्स तुझ्या टेबलावर ठेवेल. मी हाक मारली तर तुला ऐकू जाईल इतक्या जवळ माझी खाट आहे. पण हाक मारायची नाही, तेव्हा पत्र.

तू रोज दाराआडून नर्सला विचारतोस, 'पेशंटला ताप? पेशंट जेवली?' मी भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेते, म्हणजे तुला संकोच नको. नर्स आम्हा दोघांकडे बघून हसते. ती राजधानीची आहे, तिला वाटतं आपलं भांडण आहे.

माझी काही तक्रार नाही असं तू आत्याला कळवलंस. मला तू कधी विचारलंस? आपल्याकडे बहिणीची पायरी भावाच्या वर म्हणतात. इतक्या वर बसवता की तिथून बोललेलं खाली ऐकूच येत नाही. आज मी माझ्या छातीबद्दल लिहिणार आहे. तू धक्क्यावर वाचलंस, आता मला लाजून काय करायचं?

मला श्वास घेता येतो. पोटापर्यंत जातो. जिना चढून कपडे वाळत घालते आणि वरून बोटी बघते. रात्री झोप लागते, आणि पहाटे दूध आलंय असं वाटून जागी होते. दूध आटलंय, लोपेती. ते कधी आटलं तेही मला कळलं. या वॉर्डात माझ्यानंतर आलेल्या बायका घरी गेल्या. मी तुझ्या फोटोसाठी अडकलेय.

मी मरायला टेकले होते तेव्हा तुझा फोटो म्हणत होता, ही धडधाकट आहे. आता मी धडधाकट आहे, तर म्हणतो ही आजारी. तो खोटं बोलत नसेल. आपल्या डाकबोटीसारखा आहे. बातमी खरी आणते, पण गेल्या महिन्याची. तेव्हाही तू माझ्याऐवजी त्याला विचारलंस आणि आजही त्यालाच विचारतोयस. तेव्हा मी लाजेने गप्प बसले आणि आत्याला पुढे उभं केलं. यावेळी गप्प बसणार नाही.

तुला माझ्याशी बोलता येत नाही, कबूल. मला पुन्हा तपासू नकोस, तेही मला सोसणार नाही. पण भावाने बहिणीचं गाणं ऐकायला कुठे बंदी आहे? उद्या संध्याकाळच्या प्रार्थनेला मी इथल्या बायकांबरोबर गाणार आहे. तेच गाणं. तू बाहेर उभा राहा. तोंड तिकडे फिरवलंस तरी चालेल.

लोसा


बंदरगाव
२७ जून १९८३

आदरणीय ताई,

मी स्वयंपाकघराच्या मागे, तुमच्याकडे पाठ करून उभा होतो. तुम्ही शेवटची ओळ सुरू केलीत तेव्हा मीही बरोबर श्वास धरला. बायका एकेक करून थांबत गेल्या. माझा दम संपला, मी नवा श्वास घेतला, आणि तुमचा आवाज अजून चालूच होता. आचारी विळी हातात धरून नुसता उभा होता.

मी तिथे रडलो, ताई. हे तुम्हाला सांगणं योग्य आहे की नाही मला माहीत नाही.

गुरुवारच्या बोटीत तुमची जागा सांगून ठेवली आहे. नवा फोटो काढलेला नाही. पुढच्या महिन्यात ताप आला किंवा वजन घटलं तर तोआकासेला लगेच सांगा आणि मला कळवा. तुमच्या शब्दांत कळवा, मी वाचेन. जुना फोटो आज सकाळी पुन्हा बघितला, त्यात डाग आहेच. मी तो पाकिटात परत घातला.

दाराबाहेर लावलेली लाँचच्या नियमाची पाटीही मी काढून टाकली आहे.

तुमचा भाऊ,
लोपेती


मातालोआ
४ जुलै १९८३

चि. लोपेतीस,

अनेक आशीर्वाद. लोसा पोचली. समुद्र शांत होता.

किनाऱ्यावर सगळा गाव जमला होता. मी बाळाला नवा झगा घालून नेलं. लोसा पाण्यातूनच धावत आली आणि हात पुढे केले, आणि बाळाने तोंड फिरवलं. माझ्या खांद्यात डोकं खुपसून सेलाला शोधायला लागलं. लोसाचे हात तसेच पुढे राहिले. लोपेती, मला त्या क्षणी तुझा इतका राग आला की तू समोर असतास तर थोबाडीत दिली असती, डॉक्टर असलास तरी.

लोसा रडली नाही. ती माझ्याशेजारी वाळूत बसली, बाळाला हातसुद्धा लावला नाही, आणि हळूच गुणगुणायला लागली. तीच ओळ. पोटात असल्यापासून त्याने ती दर रविवारी ऐकली आहे. ती ओळ लांबवत गेली, लांबवत गेली, आणि बाळाने आधी मान वळवली, मग डोळे मोठे केले, आणि मग एकदम तिच्या अंगावर झेप घेतली. तेव्हापासून ते तिला सोडत नाही. काल चर्चमध्येही लोसा त्याला काखेत घेऊनच गायली, आणि आम्हा सगळ्यांना टोकापर्यंत नेलं.

दुसरं असं की पाउलाला दम लागतोय. मी त्याच्याशेजारी बसून त्याचा श्वास बघितला. दोन शब्दांमधे थांबतो, पाय सुजलेत, आडवं झोपवत नाही. यावेळी सोंग नाही, माझ्या शब्दावर लाँच पाठव. एक डुक्कर बरोबर येणार आहे, ते तुझ्यासाठी आहे, लोसाकडून.

आणि माझा फोटो परत पाठव. खिडकीत लावायचा आहे. इतकी चांगली छाती बघितली नाही, असं तूच लिहिलं होतंस.

तुझी आत्या,
तालाहिवा